ताकाबेची रिकामी प्लेट

पडद्यावर नावं सरकू लागली आणि ती संपायच्या आतच एकाच्या मोबाइलमधून आवाज आला, "चला तर मग, या सिनेमाच्या शेवटाचा खरा अर्थ काय ते पाहू." आम्ही बारा जण होतो. महिन्यातून एकदा शनिवारी एका मित्राच्या घरी भिंतीवर प्रोजेक्टर लावून आम्ही सिनेमा बघतो, मग चहा, मग बोलणं. त्या शनिवारी जपानी दिग्दर्शक कियोशी कुरोसावांचा 'क्युअर', म्हणजे बरं करणं, हा सिनेमा लावला होता. शेवटचं दृश्य संपलं तेव्हा खोलीत कुणी हललंही नव्हतं. ती शांतता पाच सेकंद टिकली असेल नसेल. व्हिडिओ लावणाऱ्याला मी दोष देत नाही. सिनेमा डोक्यावरून गेल्यासारखा वाटला की हात आपोआप फोनकडे जातो, माझाही जातो.

व्हिडिओतला माणूस ठामपणे सांगत होता की नायक संमोहित झाला, खुन्याची गादी आता तो चालवणार. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात आमच्यातल्या एक मावशी, ज्यांची तीस वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात नर्स म्हणून गेली, म्हणाल्या, "पण तो जेवला ना. मघाशी त्याने सगळं तसंच ठेवलं होतं. आता प्लेट चाटूनपुसून संपवली." त्यांना ते दिसणारच. पेशंट किती जेवला, किती प्यायला, किती उरलं, हे दर पाळीला कागदावर मांडण्यात त्यांचा जन्म गेला. व्हिडिओत त्या प्लेटचा उल्लेख कुठेच नव्हता.

अवघड सिनेमाचा अर्थ कुणी, कसा लावायचा, हा प्रश्न मला त्या रात्रीपासून सोडत नाही. एकीकडे 'एंडिंग एक्सप्लेन्ड'वाले आहेत, त्यांच्याकडे प्रत्येक शेवटाची किल्ली तयार असते. दुसरीकडे भरपूर वाचन असलेले, सुसंस्कृत लोक आहेत, जे हात झटकून म्हणतात, "अहो, ज्याचा त्याचा अर्थ." मला हे दोन्ही पक्ष चुकीचे वाटतात, आणि दुसरा पहिल्याहून जास्त. दोघांनाही पडद्याकडे नीट बघायचं नाही. एकाला घाई आहे म्हणून, दुसऱ्याला वाद नको आहे म्हणून.

'क्युअर' न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. मात्र इथून पुढे शेवटासकट सगळं येणार आहे. टोकियोत खून होताहेत. प्रत्येक मृतदेहावर गळ्यापासून खाली फुलीसारखा छेद. खुनी मात्र दर वेळी वेगळा, आणि तो पळूनही जात नाही, आसपासच सापडतो. आपणच मारलं हे मान्य करतो, पण का मारलं ते त्याला सांगता येत नाही. कुणी शिक्षक, कुणी पोलीस शिपाई, कुणी डॉक्टर. या सगळ्यांना खुनाआधी एक तरुण भेटलेला असतो. मामिया त्याचं नाव. त्याला काही आठवत नाही, आत्ता विचारलेलंही तो विसरतो, आणि समोरच्याला पुन्हा पुन्हा एकच विचारतो, "तू कोण?" हा मानसोपचाराचा माजी विद्यार्थी, अठराव्या शतकातल्या फ्रांट्स मेस्मर या वैद्याच्या संमोहनाने झपाटलेला. तपास करणारा डिटेक्टिव्ह ताकाबे. त्याची बायको फुमिए मनाने आजारी आहे, आणि तो घर व नोकरी दोन्ही दात-ओठ खाऊन ओढतो आहे. ताकाबेचं काम कोजी याकुशो यांनी केलं आहे, ज्यांना पुढे २०२३ मध्ये कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला. कियोशी कुरोसावा आणि 'सेव्हन सामुराय'वाले अकिरा कुरोसावा यांचं नातं काही नाही, आडनाव तेवढं एक.

सिनेमा १९९७ च्या अखेरीस आला. महिन्याभराने, जानेवारी १९९८ मध्ये, 'रिंगु' हा भयपट आला आणि जपानी भयपटाचं नाव जगभर झालं. पण 'रिंगु'त नियम आहे. शापित व्हिडिओ टेप पाहिली की सात दिवसांत मरण, आणि त्यातून सुटायचा एक मार्ग. नियम कळला की भीतीला कडा मिळतात. 'क्युअर'मध्ये नियम आहेसं वाटतं आणि हाताला लागता लागता तो निसटतो.

तो कुठे निसटतो ते बारकाईने बघण्यासारखं आहे. ताकाबेचा मित्र साकुमा मानसशास्त्रज्ञ आहे. संमोहनाची शक्यता पुढे येते तेव्हा तो साधारण असं सांगतो की संमोहित केलं तरी माणसाची मुळातली नीती बदलता येत नाही, खून वाईट असं ज्याला आतून वाटतं तो संमोहनातही खून करणार नाही. अगदी साध्या सुरात, तज्ज्ञाने पोलिसाला द्यावी तशी माहिती. न चमकवता, न ठासता. बहुतेकांच्या कानावरून ते वाक्य जातं. संमोहनाची कळ दाबली की माणूस यंत्र होतो, हे गृहीत धरूनच आपण पुढचा सगळा सिनेमा बघतो, आणि 'शेवटाचा खरा अर्थ' सांगणारे व्हिडिओही तेच धरून चालतात.

पण साकुमाचं म्हणणं धरून सिनेमा पुन्हा बघा. मग तो शिक्षक, तो शिपाई, ती डॉक्टर, या कुणाच्याही मनात मामियाने काही *घातलेलं* नाही. तो फक्त विचारतो आणि ऐकतो. डॉक्टरच्या बाबतीत तो तिच्या एका जुन्या ठसठशीवर बोट ठेवतो. स्त्री असल्याने या पेशात तिला मिळालेलं दुय्यमपण. फरशीवर पाणी सांडतं, काळसर ओघळ तिच्याकडे सरकत येतो, आवाज तोच मंद. ती ऐकत राहते. पुढे ती एका माणसाला मारते, ते सार्वजनिक शौचालयात. मामियाने तिला मारायला लावलं, की तिच्या आत गच्च बसलेलं एक झाकण त्याने फक्त सैल केलं? सिनेमात साकुमाचं ते म्हणणं खोडून काढणारं दृश्य नाही. साकुमाचा स्वतःचा शेवट त्यावर सावली टाकतो हे खरं, पण सावली म्हणजे खंडन नाही.

म्हणून मला 'तो संमोहित झाला' हे उत्तर अपुरं वाटतं. ते सिनेमाला सोपं करतं एवढीच माझी तक्रार नाही. सिनेमाने मुद्दाम ठेवलेला पुरावा ते नजरेआड करतं. न्यायालयात वकिलाने असं केलं तर न्यायाधीश त्याला थांबवेल.

आणि हा पुरावा १९९७ च्या जपानमध्ये काही निव्वळ शास्त्रचर्चा नव्हती. २० मार्च १९९५ ला सकाळी गर्दीच्या वेळी ओम शिनरिक्यो या पंथाच्या लोकांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेच्या तीन मार्गांवर, पाच गाड्यांत सारीन हा विषारी वायू सोडला. प्लॅस्टिकच्या पिशव्या डब्यात ठेवायच्या, छत्रीच्या टोकाने भोसकायच्या आणि उतरून निघून जायचं. डझनाहून जास्त माणसं मेली, हजारोंना बाधा झाली. पण जपानला खरा धक्का बसला तो हे करणारे कोण ते कळल्यावर. पिशव्या फोडणाऱ्या पाचांपैकी तिघे भौतिकशास्त्र शिकलेले. एक, इकुओ हायाशी, हृदयाचा शल्यविशारद. ज्या हातांनी हृदयं शिवली त्याच हातांनी पिशवी फोडली.

मग एक शब्द घरोघरी गेला, माइंड कंट्रोल. गुरूने यांची मनं ताब्यात घेतली होती म्हणे. या शब्दात थोडं सत्य आहेच. पंथांत माणसं कशी घडवली जातात, झोप, एकांत, भीती आणि भक्ती यांचा वापर कसा होतो, हे खोटं नाही. पण या शब्दाने समाजाची फार मोठी सोय केली. एक माणूस दोषी, बाकीचे त्याची बाहुली, आणि बाहेर बसून बातम्या बघणारे आपण पूर्ण निर्दोष. न्यायालयांपुढेही हा प्रश्न आला. पिशव्या फोडणाऱ्यांपैकी चौघांना फाशीची शिक्षा झाली. हायाशीला १९९८ मध्ये जन्मठेप झाली, कारण त्याने कबुली दिली आणि तपासाला मदत केली. गुरू शोको असाहारा आणि त्याचे बारा अनुयायी असे तेरा जण जुलै २०१८ मध्ये फासावर गेले. म्हणजे ताब्यात गेलेलं मन हे कारण न्यायालयांनी सुटकेला पुरेसं मानलं नाही.

कुरोसावांचा हा सिनेमा नेमका या प्रश्नावर उभा आहे. त्याचं मूळ नाव 'देन्दोशी' होतं, म्हणजे धर्मप्रचारक. ओमची आठवण अजून ताजी, तेव्हा लोकांना हा सिनेमा त्या पंथावरचा वाटेल म्हणून निर्मात्यांनी नाव बदलायला लावलं आणि 'क्युअर' झालं. मामियाबद्दल बोलताना साकुमाच्या तोंडी तो जुना शब्द अजूनही येतो. प्रचारक. आता बघा, माइंड कंट्रोल हे स्पष्टीकरण ज्या समाजाने हायसं वाटून स्वीकारलं, त्याच समाजापुढे हा सिनेमा ते स्पष्टीकरण मांडतो आणि पहिल्या तासातच त्याच्याखालचा पाट काढून घेतो. याला संदिग्धता म्हणायचं असेल तर म्हणा. मला हा स्पष्ट बोललेला विचार वाटतो, फक्त तो निष्कर्षाच्या रूपात लिहून दिलेला नाही.

कुरोसावांनी मुलाखतींत सांगितलेली एक गोष्ट इथे आठवते. खुनाच्या बातमीनंतर टीव्हीवाले शेजाऱ्यांना विचारतात, आणि शेजारी दर वेळी सांगतात, "साधा माणूस हो, कुणाच्या अध्यात ना मध्यात." आपण ते ऐकून म्हणतो की बघा, कसा बेमालूम लपला होता. कुरोसावांना उलट वाटलं, शेजारी खरं बोलत असतील तर? तो खरंच साधा माणूस असेल तर? 'क्युअर' या एका शंकेतून निघाला.

पोलीस चौकीचं दृश्य हीच शंका चित्रात मांडतं. जपानमधल्या नाक्यानाक्यावरच्या छोट्या चौक्यांना कोबान म्हणतात. कॅमेरा लांब ठेवलेला आहे, रस्त्यावरून जाताना आपल्याला दिसावं तसा. दिवसाउजेडी एक शिपाई बाहेर येतो, सायकलीपाशी उभ्या सहकाऱ्याला डोक्यात गोळी घालतो. संगीत नाही, चेहऱ्याचा क्लोजअप नाही, झटका नाही. मग तो मृतदेह पायांना धरून आत ओढतो, जसा रोजच्या कामातला एखादा जिन्नस आत न्यावा. आपल्याला सवय असते की दिग्दर्शक आपल्याला सांगेल, आता घाबर. इथे कुणी सांगत नाही. लक्ष नसलं तर खूनच चुकेल. आमच्या खोलीत एकाचा चुकलाही. तो चहाचा कप खाली ठेवत होता, आणि वर बघून त्याने विचारलं, "हा पडला कसा?"

या पद्धतीला एक परंपरा आहे. कुरोसावा टोकियोच्या रिक्क्यो विद्यापीठात शिकले, आणि तिथे त्यांना शिगेहिको हासुमी यांच्या सिनेमाच्या वर्गाचं वेड लागलं. हासुमी पुढे, योगायोगाने त्याच १९९७ मध्ये, टोकियो विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. या समीक्षकाचा आग्रह एकच होता. पडद्यावर काय दिसतं ते आधी सांगा. पडद्यामागचा हेतू, प्रतीक, संदेश वगैरे नंतर बघू. त्यांचे विद्यार्थी सांगतात की 'सिनेमात काय दिसलं' या साध्या प्रश्नाचं उत्तर देताना भल्याभल्यांची भंबेरी उडायची. दिसलेलं सांगणं सोपं वाटतं, पण आपण दिसलेलं बघतच नाही, आपल्याला वाटलेलं आठवतो.

माझ्या मते अर्थ लावण्याची पहिली पायरी हीच आहे, आणि ती ओलांडल्याशिवाय कुणालाही, मलाही, 'माझा अर्थ' म्हणायचा हक्क मिळत नाही. मराठीत आपण फार सुंदर शब्द घडवला आहे, रसग्रहण. ग्रहण म्हणजे घेणं. आधी हातात घ्यायला हवं. आपल्या वर्तमानपत्रांतली परीक्षणं बहुतेक कथा सांगून तारे देऊन मोकळी होतात, आणि समाजमाध्यमांवरची चर्चा 'आवडला की नाही' इथे सुरू होऊन तिथेच थांबते. ग्रहण कुठे झालं?

म्हणून मावशींनी घेतलेली प्लेट आता आपण हातात घेऊ.

सिनेमात जेवणाची तीन दृश्यं मला महत्त्वाची वाटतात. एकदा ताकाबे घरी येतो आणि फुमिएने त्याच्यासाठी वाढलेलं असतं, पण प्लेटमध्ये मांस कच्चंच. तिला कळतही नाही. स्वयंपाकघरातली सुरी त्याच्या हातात येते, आणि तो क्षण सिनेमा एवढा ताणतो की आपला श्वास अडकतो. काही घडत नाही. दुसऱ्यांदा तो एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये बसतो, समोर पूर्ण जेवण, आणि त्याला घास उतरत नाही. वेट्रेस भरलेली प्लेट उचलून नेते. तिसरं दृश्य शेवटचं. तेच रेस्टॉरंट, तसंच टेबल, पण प्लेट रिकामी. तो निवांत आहे. कॉफी येते, तो सिगरेट पेटवतो, फोनवर कामाचं बोलतो. चेहऱ्यावरचा तो सतत आवळलेला ताण गेलेला आहे.

या दोन जेवणांमध्ये काय झालं? मामिया पळाला, एका ओसाड इमारतीत ताकाबेने त्याला गोळ्या घातल्या, आणि तिथल्या जुन्या फोनोग्राफवरची मेणाच्या नळीतली एक घोगरी कुजबुज त्याने ऐकली. आणि एक अगदी छोटं चित्र, डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपणारं. हॉस्पिटलच्या पॅसेजमधून एक मृतदेह ढकलत नेला जातो आहे. ती फुमिए. गळ्यावर तीच फुली.

आता कुणी मारलं? सिनेमा ते दाखवत नाही, आणि मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण जे दाखवतो ते एवढं पक्कं आहे की त्यातून पळता येत नाही. बायको मेली, आणि नवऱ्याला भूक लागली. याच ताकाबेने आधी मामियासमोर तोंड फोडून सांगितलं होतं की बायको आपल्यावर ओझं आहे, आपण खचलो आहोत. त्या कबुलीनंतर रिकाम्या प्लेटला दुसरा कुठलाही सौम्य अर्थ चिकटवता येत नाही. 'ज्याचा त्याचा अर्थ' म्हणणाऱ्यांना मी इथे अडवीन. ताकाबे पूर्ववत झाला, कर्तव्यदक्ष पोलीस पुन्हा कामाला लागला, असा समाधानाचा अर्थ कुणी लावला तर तो चूक आहे. मत वेगळं म्हणून नाही, तो पॅसेजमधला मृतदेह विसरला म्हणून चूक. आणि खलनायकाचा आत्मा त्याच्यात शिरला म्हणून तो बदलला, असं कुणी म्हटलं तर मी विचारीन की मग त्याचा राग, त्याचा थकवा, ती हातात आलेली सुरी, हे सगळं मामिया येण्याआधीपासूनचं कसं?

आपल्या भाषेत एक शब्द आहे जो या सिनेमाला इतर कुठल्याही शब्दापेक्षा चपखल बसतो. बरा. ताप उतरला की माणूस बरा झाला. आणि स्वभावाने ठीक, सज्जन, तो बरा माणूस. एकच शब्द प्रकृतीलाही आणि नीतीलाही. आपण तो बोलताना या दोन अर्थांत फरकच करत नाही, कारण आपल्या मनात ते जुळलेले आहेत, निरोगी ते चांगलं. 'क्युअर'ने हा सांधा उखडला आहे. शेवटच्या दृश्यातला ताकाबे बरा झाला आहे, यात मला शंका नाही. मावशींच्या हिशेबाने तर नाहीच नाही. जेवतो, बोलतो, त्रस्त नाही. वॉर्डात असता तर दुसऱ्या दिवशी घरी सोडला असता. आणि तो बरा माणूस मात्र आता राहिलेला नाही. ज्या सभ्यपणाने, कर्तव्याने, बायकोबद्दलच्या जबाबदारीने त्याला आजारी ठेवलं होतं, ते गेलं, म्हणून तो बरा झाला. दिग्दर्शकाने सिनेमाला हे नाव स्वतः ठरवून दिलेलं नव्हतं, पण अखेरीस मिळालेलं नाव मूळ नावापेक्षा जास्त भीतीदायक निघालं.

"तू कोण?" या प्रश्नाबद्दल थोडं बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, कारण मराठी माणसाला तो प्रश्न आपल्याच घरातला वाटतो. कोहं. मी कोण. आपल्याकडे अध्यात्माची सुरुवातच इथून होते. देह मी नाही, नाव मी नाही, पद मी नाही, असं एकेक उतरवत जायचं आणि शेवटी जे उरतं ते ब्रह्म. मामियाही अगदी हेच उतरवायला लावतो. वरिष्ठ पोलीस अधिकारी फुजिवारा त्याच्यासमोर येतो आणि सांगतो, मी मुख्यालयाचा फुजिवारा. मामिया विचारतो, "मुख्यालयाचा फुजिवारा, तू कोण?" अधिकारी चिडतो, पुन्हा तेच सांगतो, पुन्हा तोच प्रश्न. हुद्दा काढला तर त्या माणसाकडे उत्तर नाही. आपल्या परंपरेचा विश्वास आहे की सगळी टरफलं काढल्यावर आत चैतन्य असतं. हा सिनेमा विचारतो, आत राग असला तर? किंवा काहीच नसलं तर? मामिया स्वतःबद्दल तसंच काहीसं सांगतो, की पूर्वी आत होतं ते सगळं आता बाहेर आहे, आणि आत पोकळी. मला हा सिनेमा आपल्या परंपरेचं खंडन वाटत नाही. पण सत्संगाच्या मंडपात हजारोंना एका आवाजात मान डोलावताना बघितलं की आता मला मामियाचा मंद आवाज आठवतो, आणि मी तो आठवू देतो.

आता समोरून येणारा आक्षेप, आणि तो खोटा नाही. दिग्दर्शकाला स्वतःलाच शेवट सुचला नसेल तर? धूसर करून सोडलं की लोक त्याला खोल म्हणतात, ही पळवाट किती सिनेमांनी वापरली आहे! खरं आहे. धुक्यात सोडलेले किती तरी सिनेमे मी पाहिले, पुन्हा बघितल्यावर धुकं विरलं आणि मागे काहीच नव्हतं. मग फरक कसा करायचा? माझी कसोटी अशी आहे. दुसऱ्यांदा बघताना तपशील एकमेकांना धरून उभे राहतात की सुटे होतात? 'क्युअर'मध्ये रिकामं फिरणारं वॉशिंग मशीन, जे फुमिए चालू करते आणि ताकाबे मुकाट बंद करतो, त्याची ती घरघर पुढे इतर जागांच्या आवाजांत मिसळत जाते. ड्रायक्लीनरच्या दुकानात ताकाबेच्या शेजारी उभा माणूस स्वतःशी संतापाने पुटपुटतो, आणि कर्मचारी समोर आला की एका क्षणात सभ्य होतो. हे दृश्य गोष्टीला काहीच पुढे नेत नाही. पण साकुमाचं म्हणणं आठवलं की त्या अनोळखी माणसाच्या चेहऱ्यावर सिनेमाचा सगळा आशय दिसतो. झाकण असलेला राग, टोकियोतल्या कुठल्याही दुकानात, रांगेत. असे तपशील एका ओळीत येतात तेव्हा दिग्दर्शकाला माहीत होतं, तो काय सांगतो आहे. त्याने फक्त एक गोष्ट आपल्यावर सोडली.

लहानपणी आपण कोडी घालायचो. कोड्याला उत्तर असतं आणि ते मिळालं की कोडं संपतं, पुन्हा कुणी घातलं तर आपण म्हणतो, "माहितेय रे." गूढ तसं संपत नाही, ते जवळ जाईल तसं मोठं होत जातं. 'एंडिंग एक्सप्लेन्ड'चा धंदा प्रत्येक गूढाला कोडं समजण्यावर चालतो. मुलं-मुली हल्ली सिनेमा बघण्याआधीच अर्थ बघून घेतात, म्हणजे बघताना चुकायला नको. मला याची काळजी वाटते. न कळलेल्या गोष्टीबरोबर रात्रभर राहण्याची सवय मोडली तर सिनेमाचं नुकसान थोडं होईल, आपलं जास्त. ओमच्या प्रयोगशाळेत सारीन बनवणाऱ्या हुशार तरुणांना नेमकं हेच हवं होतं. सगळ्याचं एक अंतिम उत्तर, आणि ते देणारा एक माणूस.

फिल्म क्लब चालवणाऱ्यांना, शाळा-कॉलेजांत सिनेमा दाखवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. सिनेमा संपल्यावर 'तुम्हाला काय वाटलं' विचारू नका. काय दिसलं ते विचारा. कुणी प्लेट सांगेल, कुणी पाणी, कुणी मामियाच्या लायटरची ज्योत. भिंतीवर लिहून काढा. मग दोन दिवसांनी अर्थ बोला. आणि मग भांडा, मनसोक्त भांडा. ज्याच्याकडे दिसलेलं जास्त, त्याचा अर्थ जास्त खरा, असं माझं स्पष्ट मत आहे. इथे लोकशाही मतदान नाही.

शेवटच्या चित्राबद्दल सांगायचं राहिलं. ताकाबेची प्लेट नेणारी वेट्रेस मागे, चौकटीच्या कडेला जाते, तिच्याशी कुणी बोलतं, आणि ती चालता चालता एक सुरी हातात घेते. कॅमेरा तिच्याकडे धावत नाही. चित्र कापलं जातं, सिनेमा संपतो. बारा जणांपैकी पाच जणांनी ती सुरी पाहिली होती. सात जणांना व्हिडिओने सांगितली.

पुढच्या महिन्यात आम्ही नवा सिनेमा लावला नाही. 'क्युअर'चीच सुरुवात पुन्हा लावली, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. पहिल्या मिनिटात हॉस्पिटलमध्ये डॉक्टरसमोर बसून फुमिए एका पुस्तकातलं मोठ्याने वाचते आहे. निळ्या दाढीवाल्याची गोष्ट, एकामागून एक बायका मारणाऱ्या नवऱ्याची. मागच्या वेळी हे चालू असताना आम्ही खुर्च्या सरकवत होतो, कुणी पंखा कमी कर म्हणत होतं, आणि मावशी कुणाला किती साखर ते विचारत होत्या.